भोपळ्याचे दात

ऑक्टोबर म्हणजे भांडुपला नुसता घाम.
पानगळ वगैरे पुस्तकात.
पण मैथिलीला वहीत चिकटवायला रंगीत पानं हवी होती,
म्हणून बिल्डिंगमागच्या बदामाखाली गेलो
आणि चार सापडली, लाल,
एक भोकाचं, एक मुंग्यांसकट.
बास, म्हणाली. झाला शरद ऋतू.

मग भोपळा.
मौर्या भाजीवाले विचारतात, अख्खा? तीन माणसांत?
सहा किलोचा तांबडा ऐवज
लिफ्टमध्ये मी कडेवर घेऊन उभी,
पाचव्या मजल्यावरच्या काकूंनी सवयीनं त्याच्या गालाला हात लावला.

आईचा फोन आलाच:
बाईमाणसानं अख्खा भोपळा फोडू नये गं,
आधी एखाद्या मुलाच्या हातून सुरी लावून घे.
शेजारच्या झुबिननं लावली.
वय वर्षं नऊ, पुरुष म्हणून पहिल्यांदाच कामी आला
आणि हात धुवायला पळाला.

झाकण तिरकं कापायचं, म्हणजे आत पडत नाही.
(ते आत पडल्यावर मला हे कळलं.)
बिया डावानं ओरबाडायच्या,
धुऊन, मीठ-तिखट चोळून, तव्यावर तडतडेपर्यंत.
डोळे मी कोरले.
दातांवरून पिल्लईंच्या जुळ्यांचं भांडण,
शेवटी वरचे एकीचे, खालचे दुसरीचे.
त्यामुळे भूत भीतिदायक कमी
आणि दाताच्या दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं जास्त.

जुन्या बनियनांची छोटी भुतं केली,
कापसाचा गोळा, वर कापड, मानेला दोरा, दोन टिंबं.
एक बनियन नवी होती.
ती कुठली ते अजून घरात कुणी विचारलेलं नाही.

आणि गर काय टाकून द्यायचा?
किसला, गुळात चटका दिला,
मावेल तेवढी कणीक, चमचाभर तांदळाची पिठी, वेलची.
दुधाच्या पिशवीवर पोरांनी घारगे थापले:
वटवाघूळ, मांजर, चेटकिणीची टोपी.
तेलात पडल्यावर सगळे फुगून गोल.
तरी प्रत्येकानं आपापलं जनावर बरोबर ओळखलं.

रात्री गेटपाशी भोपळा, पोटात पणती.
लवू परब, रात्रपाळीचा वॉचमन, कुडाळकडचा,
टॉर्च मारून बघत राहिला.
"ह्यां काय गो बायो?"
"भूत आहे काका. तुम्ही घाबरायचं."
तो हसला नाही.
"भुताक उलटे पाय असतत. ह्याका पायच नाय.
ह्यो देवचार असतलो.
रातीचो गावाच्या शिवेर फिरता, राखण करता.
कोण वाट चुकलो तर घराक आणून सोडता."

चॉकलेटच्या पिशव्यांची चुरचुर थांबली.
"त्याच्याकडे टॉर्च असते?" झुबिन.
"काठी असता. कंदील असता."
मैथिलीनं लवूच्या हाताकडे पाहिलं, मग काठीकडे,
आणि हळूच विचारलं, "त्याला खायला काय देतात?"
"भाकरी. नायतर विडी."

भाकरी नव्हती. वटवाघूळ ठेवलं पुढ्यात.

सकाळी दूध घ्यायला खाली उतरले
तर भोपळ्याच्या कपाळावर कुंकू,
दोन जुळ्या मतांच्या दातांत
अर्धी ओढलेली विडी.
घारगा नाही.
लवू ड्यूटी संपवून घरी गेलेला.

तीन दिवसांत उष्म्यानं त्याचे गाल बसले,
हनुवटी छातीला टेकली.
सेक्रेटरींनी नोटीस लावली:
प्रवेशद्वाराजवळील फळभाजीमुळे चिलटे होत आहेत,
संबंधितांनी दखल घ्यावी.
खाली पेन्सिलनं, ओळखीच्या अक्षरात:
"राखनदाराला हलवु नये."

आज बघते तर
लाल पेनानं न चा ण केलेला,
वु दीर्घ केलेला,
बाकी काही नाही.
भोपळा तिथेच आहे.